घडी जुळते तिथेच अक्ष : सममितीविषयी वाचकांचे प्रश्न

भौमितिक आकृत्यांच्या सममितीविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतो. आकृतीचे दोन सारखे भाग करणारी रेषा म्हणजे सममितीचा अक्ष, अशी व्याख्या अनेकांनी पाठ केलेली आहे. ती अपुरी आहे. म्हणून सुरुवात त्याच प्रश्नापासून.

प्रश्न : आयत कर्णावर कापला तर दोन तंतोतंत सारखे त्रिकोण मिळतात. एकावर एक ठेवले तर ते बरोबर बसतात. तरीही कर्ण हा आयताच्या सममितीचा अक्ष नाही, असे का?

उत्तर : त्रिकोण बसतात हे खरे. पण ते बसवताना हाताने काय केले ते आठवून पाहा. एक तुकडा उचलला, अर्धी फेरी म्हणजे १८०° फिरवला आणि मग दुसऱ्यावर ठेवला. घडी घालताना अशी फिरवायची मोकळीक नसते. कागद रेषेला चिकटलेला असतो आणि त्याच रेषेवर उलटतो. अक्षाची कसोटी घडीची आहे, कापून जुळवण्याची नाही.

नेमकी अट अशी : आकृतीवरचा कोणताही बिंदू घ्या, त्याचे रेषेपलीकडचे प्रतिबिंब त्याच आकृतीवर पडले पाहिजे. बिंदू आणि त्याचे प्रतिबिंब जोडणारा रेषाखंड अक्षाला काटकोनात छेदतो आणि अक्षावर बरोबर मध्यात दुभागला जातो. काटकोन आणि मध्य, या दोन्ही गोष्टी लागतात.

८ सेमी × ४ सेमी मापाचा आयत कापून घ्या. शिरोबिंदूंना क्रमाने अ, ब, क, ड अशी नावे द्या. अब ही ८ सेमीची बाजू. आता अक या कर्णावर घडी घाला. ब हा बिंदू ड वर जाऊन पडायला हवा होता, पण तो ड पासून सुमारे ५.४ सेमी अंतरावर पडतो. दोन त्रिकोणांचा एकमेकांवर आलेला भाग मोजलात तर त्याच्या दोन बाजू प्रत्येकी ५ सेमी आणि पाया म्हणजे कर्ण, सुमारे ८.९ सेमी. त्याचे क्षेत्रफळ १० चौसेमी. प्रत्येक अर्ध्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ मात्र १६ चौसेमी आहे. म्हणजे उलटलेल्या त्रिकोणाचा ६ चौसेमीचा तुकडा बाहेर डोकावतो आणि खालच्या त्रिकोणाचा तेवढाच तुकडा उघडा राहतो. हे दोन्ही तुकडे ३, ४, ५ सेमी बाजूंचे काटकोन त्रिकोण आहेत. पट्टी लावून खात्री करता येते, म्हणूनच ८ आणि ४ ही मापे सुचवली.

कर्ण अक्ष व्हायचा असेल तर घडीत ब आणि ड यांची अदलाबदल व्हायला हवी. म्हणजेच अक या कर्णाने बड या दुसऱ्या कर्णाला काटकोनात दुभागायला हवे. आयताचे कर्ण एकमेकांना दुभागतात, पण काटकोनात छेदत नाहीत. लांबी आणि रुंदी समान झाली, आयताचा चौरस झाला, की काटकोन येतो आणि त्याच क्षणी दोन्ही कर्ण अक्ष होतात. हीच कसोटी समभुज चौकोनाला लावा : कर्ण परस्परांना काटकोनात दुभागतात, म्हणून दोन्ही कर्ण अक्ष. पतंगाला लावा : एकच कर्ण दुसऱ्याला काटकोनात दुभागतो, म्हणून तो एकच अक्ष.

आणखी एक घोटाळा याच जागी होतो. कर्णावर घडी घाला असे सांगितले की काही मुले अ हा कोपरा क या कोपऱ्यावर नेऊन ठेवतात. चौरसात त्याने बिघडत नाही, कारण घडी दुसऱ्या कर्णावर पडते. आयतात मात्र घडी कर्णावर पडतच नाही, ती कर्णाच्या लंबदुभाजकावर पडते. वरच्या आयतात तिची लांबी सुमारे ४.५ सेमी भरेल. तीही अक्ष नाही. आयताचे अक्ष दोनच, समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणारे.

प्रश्न : कागद न दुमडता आरसा उभा धरून अक्ष तपासता येतो ना? मला तर आरशात नेहमीच छान सममित आकृती दिसते.

उत्तर : तुमच्या दुसऱ्या वाक्यातच अडचण आहे. आरसा समोरच्या अर्ध्या भागाला त्याचे प्रतिबिंब जोडून दाखवतो, त्यामुळे आरशातली आकृती सममित असणारच. कोणत्याही आकृतीवर, कोणत्याही रेषेवर आरसा धरा, जे दिसेल ते सममितच. आरशात दिसणारी आकृती मूळ आकृतीसारखीच आहे का, हे तपासायचे असते.

वरच्याच आयताच्या कर्णावर आरसा उभा करा. अर्धा आयत आणि त्याचे प्रतिबिंब मिळून आयत दिसत नाही, पतंग दिसतो. त्याच्या बाजू ८, ८, ४, ४ सेमी. क्षेत्रफळ आयताइतकेच, पण आकार वेगळा. मध्यरेषेवर आरसा धरला की आयतच दिसतो. म्हणून मूळ आकृतीची एक प्रत शेजारी ठेवावी आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहावे.

साध्या आरशाची चकाकी काचेच्या मागच्या बाजूला असते. आरसा ३ मिमी जाड असेल आणि त्याची पुढची कड रेषेवर ठेवली, तर प्रतिबिंब काही मिलिमीटर सरकलेले दिसते आणि बरोबर असलेला अक्षही चुकीचा वाटतो. शक्य तितका पातळ आरसा घ्या, त्याची मागची कड रेषेवर ठेवा आणि आरसा कागदाला काटकोनात उभा धरा. किंचित कलला तरी सरळ बाजू रेषेपाशी मोडल्यासारखी दिसते.

प्रश्न : त्रिकोणाला ०, १ किंवा ३ अक्ष असतात, २ कधीच नसतात. चौकोनाला ०, १, २ किंवा ४ असतात, ३ कधीच नसतात. हे पाठ आहे, पण यामागे काही नियम आहे का?

उत्तर : आहे, आणि तो फार देखणा आहे. बहुभुजाकृतीच्या अक्षांची संख्या शून्य तरी असते, नाहीतर ती बाजूंच्या संख्येला निःशेष भागते. तीनचे विभाजक १ आणि ३. चारचे १, २ आणि ४. पाचचे १ आणि ५. त्यामुळे पंचकोनाला २, ३ किंवा ४ अक्ष देण्याचा कितीही प्रयत्न केलात तरी साधणार नाही. षट्कोनाला मात्र १, २, ३ आणि ६ असे चारही पर्याय खुले आहेत, ४ आणि ५ नाहीत.

त्रिकोणाचे कारण सर्वांत सोपे आहे. घडी घातली की शिरोबिंदूंच्या जोड्या जुळतात. शिरोबिंदू तीन, म्हणजे एक एकटा उरतो आणि तो घडीच्या रेषेवरच असावा लागतो. म्हणून त्रिकोणाचा प्रत्येक अक्ष एका शिरोबिंदूतून जातो, आणि त्या शिरोबिंदूला मिळणाऱ्या दोन बाजू समान असतात. समजा अ मधून एक अक्ष जातो, म्हणजे अब = अक. ब मधूनही एक जातो, म्हणजे बअ = बक. मग तिन्ही बाजू समान झाल्या, आणि तिसरा अक्ष आपोआप आला. दोनवर थांबता येत नाही.

चौकोनासाठी एक पायरी अधिक लागते. कोणत्याही दोन अक्षांवर आकृती एकापाठोपाठ एक उलटली, तर परिणाम उलटण्याचा राहत नाही, फिरवण्याचा होतो. अक्षांमधला कोन जितका, त्याच्या दुप्पट आकृती फिरते. पारदर्शक कागदावर करून पाहा, दोनदा उलटल्यावर कागदाची मूळ बाजू पुन्हा वर येते. आता चौकोनाला बरोबर तीन अक्ष आहेत असे धरू. ते एका बिंदूतून जातील, आणि शेजारच्या दोन अक्षांमध्ये ६०° कोन असेल. म्हणजे तो चौकोन १२०° फिरवला तरी स्वतःवर बसला पाहिजे. पण १२०° फिरवताना शिरोबिंदू तीन-तीनच्या गटाने जागा बदलतात : पहिला दुसऱ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा पहिल्याच्या. चार शिरोबिंदूंचे तीन-तीनचे गट पडत नाहीत. संपले.

षट्कोनाला बरोबर तीन अक्ष हवे असतील तर ९ सेमी बाजूचा समभुज त्रिकोण काढा आणि प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर २ सेमीवर खूण करून तीन कोपरे कापा. उरलेल्या षट्कोनाच्या बाजू आलटून पालटून ५ आणि २ सेमी असतील. सर्व कोन १२०°चे आहेत, तरी अक्ष तीनच. आता दुसरा त्रिकोण घेऊन २ ऐवजी ३ सेमीवर कापा. सगळ्या बाजू ३ सेमी झाल्या, षट्कोन सुसम झाला आणि अक्ष एकदम सहा. वर्गात दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

प्रश्न : सुसम षट्कोनाचे अक्ष मोजताना कोणी ३ सांगते, कोणी १२. बरोबर ६ आहेत हे माहीत आहे. चूक नेमकी कुठे होते?

उत्तर : तीन सांगणाऱ्याने समोरासमोरचे शिरोबिंदू जोडले आणि तो थांबला. समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या आणखी तीन रेषा राहिल्या. बारा सांगणाऱ्याने मध्यापासून बाहेर जाणारे किरण मोजले, सहा शिरोबिंदूंकडे आणि सहा मध्यबिंदूंकडे. एका अक्षात असे दोन किरण असतात.

बाजूंची संख्या सम असेल तर अक्षांचे असे दोन प्रकार पडतात, निम्मे शिरोबिंदूंतून आणि निम्मे बाजूंच्या मध्यांतून. संख्या विषम असेल तर प्रकार एकच : एका टोकाला शिरोबिंदू आणि दुसऱ्या टोकाला समोरच्या बाजूचा मध्य. सुसम पंचकोनात शिरोबिंदू ते शिरोबिंदू अशी रेषा ओढून तिला अक्ष म्हणणे, ही नेहमीची चूक त्यामुळेच होते. पंचकोनाच्या कर्णाच्या एका बाजूला त्रिकोण असतो आणि दुसऱ्या बाजूला चौकोन, घडी जुळणार कशी?

शेजारच्या दोन अक्षांमधला कोन १८०° भागिले बाजूंची संख्या. पंचकोनात ३६°, षट्कोनात ३०°, अष्टकोनात २२.५°. काढलेले अक्ष बरोबर आहेत का, हे कोनमापकाने यावरून तपासता येते.

प्रश्न : कागदाच्या घड्या घालून पाच पाकळ्यांची नक्षी कापायची आहे. मी कितीही घड्या घातल्या तरी चार किंवा आठच पाकळ्या येतात.

उत्तर : तुम्ही प्रत्येक वेळी अर्ध्यावर घडी घालत आहात. दुसऱ्या घडीनंतर अक्ष २, तिसरीनंतर ४, चौथीनंतर ८. दर वेळी दुप्पट होणाऱ्या संख्येत ५ किंवा ६ येणार नाही. पाच अक्षांसाठी कागदाची पाचर ३६° ची करावी लागते.

२० सेमी बाजूचा चौरस कागद घ्या, पातळ असेल तर उत्तम. बरोबर मध्यावर एकदा दुमडा. दुमडलेली कड २० सेमीची झाली, तिचा मध्य काढा आणि त्याला म म्हणा. कोनमापकाचा केंद्रबिंदू म वर, पाया दुमडलेल्या कडेवर ठेवा, आणि ३६°, ७२°, १०८°, १४४° वर खुणा करून म पासून रेषा ओढा. आता या रेषांवर पंख्यासारख्या, एक पुढे एक मागे, अशा घड्या घाला. हातात ३६° कोनाची, दहा पदरांची पाचर येईल. घड्या एकीवर एक गुंडाळत नेऊ नका. गुंडाळताना बाहेरच्या पदराला आतल्या सगळ्या पदरांना वळसा घालावा लागतो, आणि शेवटच्या घडीला कोन एकदोन अंशांनी चुकलेला असतो. पंख्याच्या घडीत ही चूक साठत नाही.

पाचरीच्या एका कडेवर म पासून ८ सेमीवर खूण करा, ती बदलायची नाही. दुसऱ्या कडेवरच्या खुणेनुसार काय मिळते पाहा. ती ३.१ सेमीवर केली आणि दोन खुणा जोडणाऱ्या सरळ रेषेत कापले, तर उघडल्यावर एका दमात काढल्या जाणाऱ्या पाच टोकांच्या चांदणीचा आकार मिळतो. ५ सेमीवर केली तर जाडसर चांदणी. ६.५ सेमीवर केली तर चांदणीची टोके नाहीशी होतात आणि सुसम पंचकोन येतो, बाजू सुमारे ९.४ सेमी. या वेळी कापाची रेषा दुसऱ्या कडेला काटकोनात असते, म्हणून ६.५ मोजण्याऐवजी गुण्याही लावता येईल. त्यापुढे, ७ किंवा ७.५ वर, दहा बाजूंची आकृती मिळते, पण अक्ष पाचच. आणि दोन्ही कडांवर ८ सेमी घेतले तर सुसम दशकोन मिळतो, त्याला दहा अक्ष. घडी पाचची घातली म्हणून अक्ष पाचच येतील असे नाही. घडी कमीत कमी पाचांची हमी देते, कापाची रेषा पाचरीतच सममित असली तर संख्या दुप्पट होते.

सहा पाकळ्यांसाठी हीच कृती, खुणा मात्र ३०°, ६०°, ९०°, १२०°, १५०° वर. पदर बारा होतात. कोनमापक नसेल तर कंपासने भागते : म केंद्र धरून अर्धवर्तुळ काढा आणि तीच त्रिज्या कंपासमध्ये कायम ठेवून दुमडलेल्या कडेवरच्या टोकापासून अर्धवर्तुळावर छेद घेत जा. ६०° चे तीन भाग पडतात. त्यांवर पंख्याची घडी घाला आणि शेवटी सगळी पाचर एकदा अर्ध्यावर दुमडा.

कापताना दोन गोष्टी बिघडतात. पदर कात्रीत घसरतात आणि वरची पाकळी खालच्या पाकळीपेक्षा मोठी निघते. यासाठी कापाच्या रेषेबाहेर, जो भाग टाकून द्यायचा आहे तिथे, क्लिप लावून ठेवा. दुसरे असे की जाळीची नक्षी करताना एका दुमडलेल्या कडेपासून सुरू केलेला काप समोरच्या दुमडलेल्या कडेपर्यंत गेला, तर मधला भाग सुटून हातात येतो. काप समोरच्या कडेच्या आधी थांबवा.

प्रश्न : समांतरभुज चौकोन डोळ्यांना अगदी सममित वाटतो, आणि उत्तर मात्र शून्य अक्ष. डोळे फसतात का?

उत्तर : डोळे फसत नाहीत, त्यांना दुसऱ्या प्रकारची सममिती दिसते. समांतरभुज चौकोन पारदर्शक कागदावर गिरवून मूळ आकृतीवर ठेवा, कर्ण जिथे छेदतात तिथे टाचणी लावा आणि वरचा कागद १८०° फिरवा, तो बरोबर बसेल. ही घूर्णन सममिती. घडीची सममिती तिच्यापेक्षा वेगळी असते आणि एक असली म्हणजे दुसरी असेलच असे नाही. आयतात दोन्ही आहेत, समद्विभुज त्रिकोणात फक्त घडीची आणि समांतरभुज चौकोनात फक्त फिरवण्याची.

समलंब चौकोनाबद्दलही अनेकांनी विचारले आहे. त्याच्या समांतर नसलेल्या बाजू समान असतील तर एक अक्ष असतो, समांतर बाजूंचे मध्य जोडणारा. नसतील तर एकही नाही. पतंगाचा अक्ष म्हणजे त्याचा मोठा कर्ण, असे सरसकट सांगू नये. समान बाजूंच्या जोड्या ज्या दोन शिरोबिंदूंत भेटतात, ते जोडणारा कर्ण अक्ष असतो, आणि तो लहानही असू शकतो. ८ सेमीचा आडवा रेषाखंड काढा, त्याच्या मध्यातून वर १ सेमी आणि खाली २ सेमी अशी उभी रेषा काढा आणि टोके जोडा. या पतंगाचा अक्ष ३ सेमीचा आहे, दुसरा कर्ण ८ सेमीचा.

प्रश्न : वर्तुळाला अगणित अक्ष असतात. ताटली ठेवून गिरवलेल्या वर्तुळाचे केंद्र शोधायला याचा उपयोग होतो का?

उत्तर : होतो. वर्तुळाचा प्रत्येक अक्ष केंद्रातून जातो, म्हणून दोन अक्ष मिळाले की त्यांचा छेदनबिंदू हेच केंद्र. वर्तुळ कापून घ्या, उजेडासमोर धरून कडेवर कड जुळवा आणि घडी दाबा. उघडून दुसरी घडी पहिलीला शक्य तितकी काटकोनाजवळ घाला. हे महत्त्वाचे आहे. एक घडी अर्धा मिलिमीटर चुकली आणि दुसरी तिला काटकोनात असेल, तर केंद्र अर्धाच मिलिमीटर सरकते. दोन घड्यांमध्ये २०° चाच कोन असेल तर तीच चूक जवळजवळ दीड मिलिमीटर होते. तिसरी घडी पडताळ्यासाठी घाला. तिन्ही एका बिंदूत न मिळता इवलासा त्रिकोण झाला तर कुठेतरी कड नीट जुळलेली नाही.

जाड पुठ्ठा किंवा लाकडाची फळी दुमडता येत नाही. तिथे दोन जीवा काढा, एकमेकींशी मोठा कोन करणाऱ्या, आणि कंपासने त्यांचे लंबदुभाजक काढा. ते केंद्रात मिळतात, कारण जीवेचा लंबदुभाजक हा वर्तुळाचा अक्षच असतो.

अर्धवर्तुळाला मात्र एकच अक्ष राहतो, व्यासाचा लंबदुभाजक. वर्तुळाच्या कोणत्याही पाकळीला आणि जीवेने तोडलेल्या तुकड्यालाही एकच. लंबवर्तुळाला दोन.

प्रश्न : रेषाखंडाला सममितीचे अक्ष किती, एक की दोन?

उत्तर : दोन. एक त्याचा लंबदुभाजक आणि दुसरा म्हणजे रेषाखंड ज्या रेषेवर आहे ती रेषाच. त्या रेषेवर घडी घातली तर रेषाखंडाचा प्रत्येक बिंदू जागच्या जागी राहतो, आणि अट पूर्ण होते. दुसरा अक्ष सुटतो, कारण रेषाखंडाला जाडी नसल्यामुळे त्याचे दोन भाग झालेले दिसत नाहीत. दोन सारखे भाग या व्याख्येने इथेही दगा दिला. कोनाला एक अक्ष असतो, त्याचा दुभाजक. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषांना दोन, आणि त्या काटकोनात छेदत असतील तर चार.

प्रश्न : चौरसात रेघा ओढल्या किंवा घरे रंगवली तर अक्ष बदलतात का?

उत्तर : बदलतात, आकृती म्हणजे आतल्या रेघा आणि रंगही. चौरसात एक कर्ण ओढला तर चारांपैकी दोनच अक्ष उरतात, दोन्ही कर्ण. दुसरा कर्णही ओढला की पुन्हा चार. आयतात एकच कर्ण ओढला तर दोनांचे शून्य होतात. तीन × तीन घरांच्या चौरसात फक्त मधले घर रंगवा : अक्ष चार. फक्त एक कोपरा : एक. समोरासमोरचे दोन कोपरे : दोन. कोपरा आणि त्याला लागून असलेले घर : शून्य.

प्रश्न : अक्षरांमधले अक्ष कसे ठरवावेत?

उत्तर : छापील वळणावर बरेच अवलंबून असते, म्हणून परीक्षेत असा प्रश्न घालताना अक्षर काढून दाखवावे. शिरोरेषा असलेल्या देवनागरी अक्षराला आडवा अक्ष नसतो, कारण डोक्यावरच्या रेषेचे प्रतिबिंब पायाशी पडते आणि तिथे रेषा नसते. इंग्रजी मोठ्या अक्षरांतल्या एच, आय आणि एक्स यांना आडवा व उभा असे दोन्ही अक्ष मिळतात. एन, एस, झेड यांना एकही नाही, ती समांतरभुज चौकोनाच्या जातीची आहेत.

प्रश्न : आलेख कागदावर अक्ष उभा किंवा आडवा असेल तर मुले प्रतिबिंब बरोबर काढतात. तिरका असला की सगळे चुकते. काय करावे?

उत्तर : मुले घरे मोजतात, पण आडवी मोजतात. तिरक्या अक्षापासूनचे अंतर अक्षाला काटकोनात मोजायचे असते. अक्ष ४५° चा असेल तर काटकोनातली दिशा घरांच्या कर्णांवरून जाते. बिंदूपासून अक्षापर्यंत घरांचे किती कर्ण लागले ते मोजा आणि तितकेच पलीकडे जा. अर्धा कर्ण आला तर अर्धाच घ्या, पूर्णांक करू नका.

अक्ष दोन घरे उजवीकडे गेल्यावर एक घर वर चढत असेल तर त्याला लंब असणारी दिशा एक घर डावीकडे आणि दोन घरे वर अशी असते. आकडे अदलाबदल करायचे आणि एक दिशा उलटी करायची. समजा अक्ष (०, ०) आणि (२, १) मधून जातो, आणि बिंदू आहे (३, −१). एक डावीकडे, दोन वर गेलो की (२, १), म्हणजे अक्षावर आलो. आणखी एक डावीकडे, दोन वर : (१, ३). हेच प्रतिबिंब.

घरांशी न जुळणाऱ्या अक्षासाठी कंपास वापरावा. अक्षावर प आणि फ असे दोन बिंदू घ्या, एकमेकांपासून बरेच दूर. प केंद्र धरून दिलेल्या बिंदूतून जाणारा कंस अक्षाच्या पलीकडे काढा, मग फ केंद्र धरून तसाच दुसरा. पलीकडे दोन्ही कंस जिथे छेदतात तिथे प्रतिबिंब आहे. काटकोन मोजावा लागत नाही. प आणि फ जवळजवळ घेतले तर कंस एकमेकांना घासून जातात आणि छेद नेमका कुठे आहे ते कळत नाही, अशा वेळी एक बिंदू लांब सरकवून तो कंस पुन्हा काढा. त्रिकोणाचे प्रतिबिंब काढायचे असेल तर तीन शिरोबिंदूंसाठी हेच प आणि फ वापरता येतात. शेवटी कागद अक्षावर दुमडून उजेडासमोर धरा, तिन्ही टोके एकमेकांवर आली की काम झाले.